दहा बाय आठ

आकाशातून तो आवाज आला तेव्हा माझ्या डाव्या हातात मठ्ठ्याचा ग्लास होता, उजव्या हातात जिलेबी होती आणि तोंडात नव्या शैक्षणिक धोरणाबद्दलचं एक वाक्य होतं. तिन्ही एकदमच गेली. मानेवर पंजा पडला, खुर्ची मागच्या मागे कलंडली आणि मी टेबलाखाली पालथा. गाल मांडवाच्या जमिनीला, नाकासमोर कुणाची तरी नवी कोल्हापुरी. पाठीवर एक माणूस आडवा पडला होता आणि तो माणूस मोजत होता. हळू, स्पष्ट, शाळेत पाढे म्हणतात तसं. एक. दोन. तीन. त्याचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं, आवाज मात्र अगदी सपाट. चार. पाच. टेबलापलीकडे एक कुत्रं पुरी खात होतं. त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि खाणं चालू ठेवलं. नऊ झाल्यावर पाठीवरचं ओझं सैल पडलं. "झाला," धनेश म्हणाला, "नुसता बघायला आलता." वर लोक हसत होते. लग्नाचं शूटिंग करणारा ड्रोन पंगतीवर क्षणभर थांबून आता नवरानवरीकडे निघाला होता, आणि धनेशचा बाप लडकू फेटा सावरत टेबलाखाली वाकला होता. "काय झाला रे धन्या? सरांना कशाला पाडलास?" "नाय बाबा, सरांची जिलेबी पडली, ती शोधतो." "आरं मग दुसरी घ्या की! जिलेबीला काय तोटा हाय का आपल्याकडं?" लडकूने हाक मारली आणि माझ्या पत्रावळीवर चार जिलेब्या पडल्या. मी त्या खाल्ल्या. हल्ल्याच्या प्रसंगी माणसाचं वर्तन कसं असतं हे मी बावीस वर्षं शिकवत आलो आहे. प्रत्यक्षात तो जिलेबी खातो.

मी मुरबाडच्या एका महाविद्यालयात संरक्षणशास्त्र शिकवतो. शहापूरला राहतो, स्कूटरने जातो-येतो, आणि युद्ध मी पाहिलेलं नाही. विसाव्या वर्षी भरतीला गेलो होतो. तळपाय सपाट म्हणून पहिल्याच टेबलावरून परत पाठवलं. ज्याचे पाय सपाट असतात त्याने डोक्याने लढायचं असतं, असं मी लग्नानंतर बायकोला समजावलं होतं. संजीवनी म्हणाली, "बरं." माझ्या विषयाला वर्षाला अकरा-बारा मुलं असतात; त्यातली आठ पोलीस भरतीच्या आशेने आणि उरलेली इतर विषयांच्या भीतीने आलेली. त्यांना मी अपारंपरिक युद्ध शिकवतो. म्हणजे असं युद्ध की ज्यात आघाडी नाही, पिछाडी नाही, गणवेश नाही, शत्रू कोण ते संध्याकाळपर्यंत ठरत नाही, आणि शस्त्र म्हणाल तर खत, मोबाईल, अफवा, खेळण्यातलं विमान, काहीही. 'अशा युद्धातील नेतृत्वाचे गुण स्पष्ट करा' हा प्रश्न हमखास येतो. तो दहा मार्कांचा आहे, म्हणून नेत्याचे गुण पाच. एखाद्या सेनापतीत सहावा गुण आढळला तर विद्यापीठ त्याला जबाबदार नाही. हे पाच मुद्दे मी दरवर्षी त्याच पिवळ्या कागदावरून सांगतो आणि मुलं ते खाली मान घालून उतरवून घेतात. फक्त एकदा, सातआठ वर्षांपूर्वी, शेवटच्या बाकावरून सिद्धगडाच्या पायथ्याचा एक काळासावळा मुलगा उभा राहिला होता. "सर, पाची मुद्दे हायत आन तरी नेता चुकला, तर?" मी म्हणालो, "ते अभ्यासक्रमात नाही." वर्ग हसला. मीही हसलो. धनेश लडकू घुडे खाली बसला आणि त्याने वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते मला अजूनही कळलेलं नाही, आणि आता विचारायची सोय राहिलेली नाही.

तोच मुलगा आता सैन्यात नायक आहे. ईशान्येकडच्या एका राज्यात, दोन डोंगरांच्या मधल्या चौकीवर, दहा माणसांचा प्रमुख. एका डोंगरावर एक जमात, दुसऱ्यावर दुसरी, आणि दोघांनाही मधली चौकी नकोशी. राज्याचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे. बहिणीच्या, दामिनीच्या लग्नासाठी तो वीस दिवसांच्या सुट्टीवर आला होता, आणि सापगावचं वऱ्हाड दाराशी येऊन दोन तास झाले तरी मंगलाष्टकं सुरू होत नव्हती, कारण आमच्याकडे आधी सत्कार होतात. माईकवरचा माणूस एकेकाचं नाव पुकारतो, टॉवेल-टोपी आणि नारळ दिला जातो. सरपंच झाले, पतपेढीचे चेअरमन झाले, माजी सभापती झाले, दोन भावी सभापती झाले. मग माईकवाल्याने आवाज बदलला. "आन आता, सिद्धगडच्या मातीतला वाघ..." मी ताठ बसलो. ती माझी वाक्यं होती. एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता. त्याने ती फोनमधल्या फोटोवरून वाचली. राज्य, जिल्हा, चौकीचा क्रमांक, माणसं किती, गेल्या वर्षीच्या कुठल्या कारवाईत कोण पुढे होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धनेश नारळ हातात घेऊन उभा होता आणि मांडवाच्या कापडाकडे बघत होता, वर, जिथे काहीच नव्हतं. ड्रोन आला तो यानंतर, पंगतीच्या वेळी.

ती वाक्यं कशी झाली ते सांगायला हवं. गेल्याच्या गेल्या दिवाळीत लडकू आणि जनाबाई, म्हणजे धनेशची आई, कॉलेजात माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती. पोरगा पहिल्यांदा नायक होऊन घरी येतोय, नाक्यावर फ्लेक्स लावायचाय. "सर, तुमी चार वळी लिवून द्या. आमी लिवला तं निसता 'हार्दिक स्वागत' व्हईल." मला कोणी लिहायला सांगत नाही. अहवाल सांगतात, इतिवृत्त सांगतात, पण लिहायला सांगत नाहीत. मी दोन तास घेतले. माझ्या विषयाची सगळी परिभाषा त्यात ओतली; 'अपारंपरिक युद्धक्षेत्र' हा शब्द मुरबाड तालुक्यातल्या फ्लेक्सवर तोपर्यंत आला नसावा. मजकूर घेऊन शहापूरला भाविककडे गेलो. भाविकही माझाच विद्यार्थी. फ्लेक्स छापतो, लग्नं शूट करतो, आणि आता ड्रोनही उडवतो. त्याने स्क्रीनवर दहा बाय आठचा चौकोन मांडला, डावीकडे धनेशचा गणवेशातला फोटो, उजवीकडे माझी वाक्यं. "सर, खाली जागा उरते. पुढाऱ्यांचे फोटो नाय टाकायचे म्हनता ना? मग एक ओळ अजून द्या." पेपरात जागा उरली की मी मुलांना सांगतो, मुद्दा सुचत नसेल तर उदाहरण लिहा. मला जनाबाईचं बोलणं आठवलं. ती कौतुकाने सांगत होती, चारला फोन येतो म्हंजे येतोच, मागल्या टाकीवर चढला का रेंज येते म्हनतो, मी शेतावरनं पळत येते. मी लिहिलं: 'रोज दुपारी ठीक चार वाजता, चौकीमागील टाकीवर चढून, न चुकता माउलीला फोन करणारा आदर्श पुत्र.' भाविकने वाचून दाखवलं आणि म्हणाला, "सर, काटा आला अंगावर." चौकोन भरला. तो फ्लेक्स दिवाळीपासून होळीपर्यंत नाक्यावर होता. येणारीजाणारी पोरं त्यापुढे उभी राहून सेल्फी काढत. मीही काढला होता.

जेवणं उरकल्यावर धनेश मला मांडवामागे पाण्याच्या टँकरशी घेऊन गेला. मांडवात बँडवाले जेवत होते म्हणून जरा शांत होतं. टँकरच्या सावलीत तो उकिडवा बसला, मीही बसायचा प्रयत्न केला आणि टायरला टेकून उभा राहिलो. "सर, लागला का तुमाला?" "नाही रे." "आवाज डोक्यावर थांबला का मोजायचा. नवाच्या आत बाँब पडला नाय तं तो नुसता बघायला आलेला असतो. मग उठायचा, जागा बदलायची." हे तो मला दुधाचा भाव सांगावा तसं सांगत होता. मग त्याच आवाजात त्याने मार्चमधलं सांगितलं. चार वाजले होते. तो टाकीवर चढायला निघाला, तर सेक्शनमधला नवीन पोरगा पुढे आला: उस्ताद, आज मला पहिला जाऊ द्या, बहिणीचा पेपर होता, कसा गेला विचारतो. धनेश खाली थांबला. वर आवाज आला, थांबला. "मी मोजला, सर. सहावर पडला." मी त्या मुलाचं नाव विचारलं. "नाव नका विचारू." टँकरचा नळ ठिबकत होता, खाली चिखलात दोन कोंबड्या होत्या. मला वाटलं, झालं, एवढंच. तेवढं मला झेपलं असतं. मी मनात वाक्यही जुळवलं होतं, नेत्याला अशी दुःखं, वगैरे. पण तो पुढे बोलत राहिला. "आठवड्यानं खालच्या बाजारात एक फोन धरला. त्याच्यात फोटो होते. आमचा गेट, आमच्या गाड्या, आन आपला फ्लेक्स." "आपला म्हणजे?" "आपला, सर. नाक्यावरचा. तुमी लिवलेला."

कोंबड्या चिखल उकरत होत्या. मला त्या क्षणी काय वाटलं हे प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिल्यांदा, एका निमिषापुरतं, बरं वाटलं. आपलं लेखन दोन हजार किलोमीटरवर पोचलं. मग तळची ओळ आठवली. धनेश सांगत होता, "साहेबांनी मलाच बोलावला. मराठी वाचणारा मी एकटा. म्हणाले, घुडे, पढ़ के बताओ. मी वाचायला लागलो, तं सर, तुमचाच आवाज यायला लागला. वर्गात डिक्टेशन देता ना, स्वल्पविरामासकट, तसा." तो थोडा हसलाही. "शेवटची वळ मी गाळली. साहेबांना म्हणालो, नीचे सिर्फ़ शुभेच्छुक का नाम है." शेवटची ओळ कुठली ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्हा दोघांनाही ती पाठ होती. "म्हणजे माझ्यामुळे," मी सुरुवात केली. "तसा नाय सांगता येत. तिकडं रेंज चारलाच येते, सगळेच चारला चढतात. आन डोंगरावरनं दुर्बिणीनं टाकी दिसते, त्यांना फ्लेक्स कशाला लागतो? पण फोटो फोनात होता. दोनी खरा हाय." "मग नक्की कशामुळे झालं?" "त्याच कळत नाय ना, सर. कळला असता तं कायतरी केला असता." त्याने खडा उचलून टँकरला मारला, टँकर भरलेला होता, आवाज बद्द आला. "रविवारी चाललो मी. तिकडं नऊ पोरं हायत माझी. साहेबांनी मेडिकल देतो म्हटला होता, पण मी नाय गेलो तं माझ्या जागी कोन येईल, त्याला काय म्हाईत त्या पोरांतला कोन भितो नि कोन भीत नाय? तुमी सांगा, सर. जाऊ का नको?"

बावीस वर्षांत मला विद्यार्थ्याने विचारलेला हा दुसरा खरा प्रश्न. दोन्ही त्याचेच. 'जाऊ नको' म्हणायला एक माणूस लागतो आणि 'जा' म्हणायला दुसरा. मी दोन्हींपैकी कोणीच नव्हतो. मी म्हणालो, "फोनची वेळ बदल." तो माझ्याकडे बघत राहिला. "रोज वेगळी ठेव. आणि टाकीवर चढू नको." "बदलला, सर. मार्चातच." "मग ठीक," मी म्हणालो. ठीक! त्याने घड्याळ बघितलं, उठला, पँटची माती झटकली. जाताजाता, जणू काही सहज, म्हणाला, "नेत्याचे पाच मुद्दे होते ना तुमचे? चार आठवतात. चौथा नाय आठवत." मी आठवायला लागलो आणि मलाही पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा एवढेच आठवले. "घरी बघून सांगतो," मी म्हणालो. "पण आई-बाबांना यातला काय नाय सांगायचा, सर. दामिनीच्या लग्नात नको, आन नंतर पन नको. शप्पत हाय." मांडवात बँड सुरू झाला. तो नाचायला गेला आणि चांगला नाचला. मी बघत होतो. ड्रोन परत आला की त्याचा एक खांदा वर उचलला जाई, बाकी शरीर नाचत राही.

दरवर्षी जानेवारीत आम्ही मुलांना घेऊन सिद्धगडावर जातो. बेचाळीसच्या चळवळीतले दोघे तिथल्या जंगलात लपले होते आणि तिथेच पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. कोणीतरी ठिकाण सांगितलं, असं म्हणतात. स्मारकापाशी माझं पंधरा मिनिटांचं भाषण असतं, आणि त्यात ते 'कोणीतरी' माझं हुकमी वाक्य आहे. मी आवाज खाली आणतो: "विद्यार्थी मित्रांनो, डोंगर फितूर झाला नाही, झाडं फितूर झाली नाहीत. ठिकाण सांगणारं तोंड माणसाचं होतं." इथे मुली डोळे पुसतात. त्या तोंडाची मी कल्पना करत आलो: बारीक डोळे, चोरटी नजर, बक्षिसाची आशा. त्या रात्री, नव्हे, रात्री मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी दाढी करताना मी ते तोंड आरशात नीट पाहिलं. डोळे बारीक नव्हते. नजर, म्हणाल तर, सुशिक्षित. त्याला कोणी बक्षीस दिलं नव्हतं. त्याने नुसती उरलेली जागा भरली होती. संजीवनी दारातून म्हणाली, "अर्धी दाढी करून काय बघताय?" मी तिला सगळं सांगितलं. आई-बापांना सांगू नको म्हणाला होता, बायकोला नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता काय करणार?" मी म्हणालो, "माहिती-युद्धात एकदा बाहेर पडलेली माहिती परत घेता येत नाही." "हे तुम्ही शिकवता?" "हो." "बरं," ती म्हणाली.

तरीही मी परत घ्यायला निघालो. आधी भाविककडे. तो लग्नाचं शूटिंग कापत बसला होता. मी म्हणालो, तो जुना फ्लेक्स, त्याची फाईल, पेजवरचा फोटो, सगळं काढून टाक. त्याने खुर्ची माझ्याकडे फिरवली. "सर, काढायचा म्हनजे कुठनं? माझ्या पेजवरनं काढतो. पन त्याला तीनशे बारा शेअर हायत. आसनगावच्या स्टेशन ग्रुपवर हाय, माजी विद्यार्थी ग्रुपवर हाय, तुमीच टाकलाय तिथं." ते खरं होतं. 'आमचा विद्यार्थी, आमचा अभिमान', खाली तीन तिरंगे. "झाला काय पन?" "काही नाही. मजकुरात एक चूक राहिली होती." "कुठली?" मी म्हणालो, "शेवटची ओळ." त्याने फाईल उघडून वाचली. "चूक काय नाय, सर. भारी हाय ती." मग लडकूकडे गेलो. तो अंगणात मांडवाचे बांबू सोडवत होता आणि मला बघून खूश झाला, कारण त्याला नवा मजकूर हवा होता: रविवारी पोरगा परत जातो, नाक्यावर निरोपाचा फ्लेक्स. गाडी किती वाजताची, कुठून कुठे, सगळं घाला म्हणाला. मी म्हणालो, लडकूदादा, नको. अशा गोष्टी जाहीर करायच्या नसतात, गुप्त ठेवायच्या असतात. त्याने बांबू खाली ठेवला. "गुप्त? आमच्या पोरानं काय चोरी केली का, सर, लपवायला? आतापर्यंत या गावात फ्लेक्स लागले ते खडी विकनाऱ्यांचे नि जमिनी विकनाऱ्यांचे. ते नाय लपत, नि माझ्या पोरानं लपायचा?" माझ्याकडे याला उत्तर होतं, पण ते शपथेत अडकलं होतं. मी म्हणालो, "तिकडचे लोक वाचतात." "तिकडं कोन वाचतो मराठी!" तो म्हणाला. आतून जनाबाई पाणी घेऊन आली. "ऱ्हाव दे गो, नको म्हनतात सर तं नको," लडकू माझ्याकडे न बघता तिला म्हणाला. "त्यांना आता टायम नाय आपल्यासाठी लिवायला." फ्लेक्स लागला नाही. माझ्या सामरिक आयुष्यातला हा एकमेव विजय, आणि त्यात मी एक घर गमावलं.

त्या संध्याकाळी पिवळे कागद काढले. चौथा मुद्दा मिळाला. माझ्याच अक्षरात, बावीस वर्षांपूर्वीच्या निळ्या शाईत: 'नेत्याने आपल्या माणसांत मिसळून राहावे, मात्र त्याची बसण्याउठण्याची जागा व वेळ कोणासही ठाऊक नसावी.' मी तो बावीस वेळा सांगितला होता, स्वल्पविरामासकट. दर वर्षी अकरा जणांनी उतरवून घेतला होता, पेपरात लिहिला होता, आणि मी लाल पेनने त्याला दोनपैकी दोन मार्क दिले होते. धनेशला कळवायचं म्हणून फोन हातात घेतला. टाईप केलं, पुसलं. हे त्याला आता कळवणं म्हणजे काय होईल, ते ठरेना. रविवारी मी आसनगाव स्टेशनवर गेलो. तो एकटाच उभा होता, पाठीवर मोठी काळी बॅग, साधा शर्ट. घरच्यांना नाक्यावरूनच परत पाठवलं होतं. "सापडला का, सर, चौथा?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "नाही. कागद गहाळ झाला." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं त्याला तो मुद्दा पहिल्यापासून आठवत होता. "ऱ्हाव द्या मग," तो म्हणाला. "चार पुरे. आठ मार्क पडतात." वाकून पाया पडला. माझ्या सपाट पायांना त्याचे हात लागले तेव्हा मला ते मागे घ्यावेसे वाटले, पण पाय हलले नाहीत.

पंधरा दिवसांनी भाविकने लग्नाचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर टाकला. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून मी तो पाहिला. शेवटी ड्रोन मांडवावरून वर वर जातो, गाव लहान होत जातं, मागे सिद्धगड उभा राहतो, संगीत चढतं. त्यात गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडच्या वाडीवर, क्षणभर एक चेहरा दिसला. मी मागे घेतलं, थांबवलं. एका झोपडीच्या छपरावर धनेश आकाशाकडे बघत पडला होता. गणवेशात, दहा बाय आठ, चार कोपऱ्यांना दगड. शेजारी माझी वाक्यं. बोटांनी मोठं केल्यावर तळची ओळसुद्धा लागत होती. होळीनंतर नाक्यावरून तो फ्लेक्स कुठे गेला हे मी कोणालाच विचारलं नव्हतं.

मी तास सोडला आणि स्कूटर काढली. काय करणार हे मला नीट माहीत होतं: जे तीनशे बारा जणांकडे आहे, आणि आता व्हिडिओमुळे आणखी चारशे जणांकडे, ते एका छपरावरून काढणार. झोपडी ठमीची होती. ती आणि तिचा नवरा वर्षाचे सात महिने वीटभट्टीवर असतात, पाऊस तोंडावर आला की परत येऊन छप्पर धरतात. ती दारात बसून करवंदं निवडत होती. मी म्हणालो, वरचा कागद काढायचाय. "का? तुमचा हाय?" "हो. म्हणजे, मी लिहिलाय." तिने वर बघितलं, मग माझ्याकडे. "मंग पावसात मी काय तुमच्या घरी येऊ ऱ्हायला?" मी म्हणालो, नवी ताडपत्री आणून देतो. "आनाल तवा आनाल. आज ढग हाय." बरोबर होतं. मी म्हणालो, निदान उलटा घाल, छापील बाजू खाली. ती हसली. "उलटाच घातला होता आधी. पन मंग तो लडकूचा पोर वरून बघत ऱ्हायाचा. लुगडं बदलायची चोरी. मी म्हनलं, बाबा तू तिकडं बघ, वर." तरी ती उठली. बाईने माझ्या तोंडावर काहीतरी पाहिलं असेल. आम्ही दोघांनी दगड काढले, फ्लेक्स उलटा केला, दगड ठेवले. पाच मिनिटांचं काम. आता आकाशाला नुसता पांढरा चौकोन दिसत होता. "आता आत येऊन बसा," ती म्हणाली, "बगा कसा वाटतो त्ये."

मी वाकून आत गेलो. सारवलेली जमीन थंड होती. वर, वाशांच्या मधून, ढगाआडच्या उन्हाने उजळलेला धनेश माझ्याकडे बघत होता. फोटोत तो हसायचं विसरलेला, कॅमेऱ्यासमोर सगळी फौजी माणसं विसरतात तसा. त्याच्या कानाशेजारी 'अपारंपरिक युद्धक्षेत्र'. खाली शेवटची ओळ, एका वाशाने मधोमध कापलेली. दारातून ओढ्यापलीकडे लडकूचं घर दिसत होतं. जनाबाई अंगणाच्या कडेला, दगडावर, फोन मांडीवर घेऊन बसली होती. "ती अशीच बसते बगा दिवसभर," ठमी म्हणाली, "शेतावर नाय जात. पोराच्या फोनचा आता टायम नाय ऱ्हायला ठरलेला. कवा पन येतो म्हने. परवापासनं आलाच नाय." मी घड्याळ बघितलं. चार वाजायला दोन मिनिटं होती. यापूर्वी या वेळी ती शेतावरून पळत यायची आणि पाच मिनिटांनी परत जायची. वेळ त्याने स्वतःच बदलली होती. तरी ती सूचना मीही दिली होती, मांडवामागे, टँकरला टेकून. ती बरोबर होती. पुस्तकात तशीच आहे.

आणि वर आवाज आला. बारीक, एकसुरी, छपरावरून फिरणारा. तो जवळ आला, माझ्या डोक्यावर आला आणि थांबला. मी कधी पालथा झालो ते कळलं नाही. गाल शेणाच्या जमिनीला, दोन्ही हात मानेवर. करवंदांची पाटी कलंडल्याचा आवाज झाला. "आवो सर!" ठमी हसत होती, हसताना तिला ठसका लागला. "आवो, भुंगा हाय तो! वाशाला भोक पाडलाय त्यानं, त्याच्यात शिरला. रोजचाच हाय." मी ऐकत होतो. भुंगा आहे हे मला पटलंही होतं. पण सुरुवात केली होती ती सोडता येईना. एक, दोन, तीन झाले होते, आणि वरून धनेश बघत होता, आणि पलीकडे जनाबाईचा फोन वाजत नव्हता. चार. पाच. सहावर मी थांबलो, श्वास धरून. सहा गेले. मग पुढे मोजत राहिलो.